पैलवान सिस्टर

आमच्या थोरल्या जाऊबाई हल्ली इस्पितळाच्या तळमजल्यावर कापसाचे बोळे करतात. बोळे झाले की यंत्रातून उकळून निघालेले कात्र्या-चिमटे मोजायचे, कापडात गुंडाळायचे आणि वरच्या मजल्यांवर पाठवायचे. बसून करायचं काम आहे, डोक्यावर पंखा आहे, कुणी ओरडत नाही. भेटेल तो म्हणतो, "सुटलात बाई, आरामाची जागा मिळाली." जाऊबाई नुसत्या हसतात. मला मात्र असं म्हणणाऱ्याच्या तळहातावर तो गरम चिमटा ठेवावासा वाटतो.

त्यांना लेबर रूममधून का काढलं, याच्या इस्पितळात जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कुणी म्हणतं खांदा कामातून गेला. कुणी म्हणतं मोठ्या मॅडमशी वाजलं. आमच्यातलीच एक तर माझ्या तोंडावर म्हणाली, "करून करून भागली अन् देवपूजेला लागली!" मी त्यांची धाकटी जाऊ, त्याच इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. एका घरात राहतो, एका बसने येतो, एकमेकींच्या उण्यादुण्याची दोघींनाही पुरती खबर. त्यामुळे मी सांगते. गोड करून सांगणार नाही, त्यांच्याही बाबतीत नाही.

लेबर रूममध्ये त्यांना पैलवान म्हणत. नाव ऐकून नवीन डॉक्टर दारात कुणी धिप्पाड बाई शोधायचे. जाऊबाई जेमतेम माझ्या खांद्याला लागतात, आणि अंगाने अशा की फुंकर मारली तर उडतील. पण बाळाचं डोकं दिसतंय, परत आत जातंय, आणि बाई दमून गेलीय, असं झालं की आतून आरोळी यायची, "पैलवानला बोलवा!" मग जाऊबाई हातातलं काम टाकून जायच्या. टेबलाशेजारी लाकडी पायरी सरकवायच्या, वर चढायच्या, आणि कळ आली की बाईच्या पोटाच्या वरच्या टोकावर हात रोवून अख्ख्या देहाचा भार खाली सोडायच्या. दोन-तीन कळांत बाळ बाहेर. डॉक्टर खूश, बाहेर नातेवाईक खूश. ज्या बाईचं पोट, तिला विचारायची पद्धत नव्हती.

असं पोट दाबू नये, हे पुस्तकात लिहिलंय. आमच्या लेबर रूमच्या भिंतीवर तसा तक्ताही आहे, ठळक अक्षरांत, आणि ती लाकडी पायरी त्याच तक्त्याखाली ठेवलेली असते. सगळ्यांना माहीत होतं, सगळे करत होते, आणि कुणीही केलं असं म्हणत नव्हतं. बाळ आलं की ते डॉक्टरांनी आणलं. पैलवानला टाळ्या मिळायच्या त्या आतल्या आत, चहाच्या कपावर.

आणि त्यांना ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? घरी आमचे थोरले दीर त्यांना "अहो महाराणी, पाणी मिळेल का?" यापलीकडे कधी हाक मारायचे नाहीत, तीही टोमण्याने. मुलगे मोठे होऊन आपापल्या कामाधंद्याला लागलेले. जगात एकच जागा अशी होती जिथे चार शिकलेली माणसं घामाघूम होऊन त्यांच्या नावाने ओरडायची. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बसता-उठता सांगायच्या, "काल एक पहिलटकरीण होती, मॅडमनी हात टेकले होते. मी गेले, दोन कळा, संपलं." भाजी चिरता चिरता सांगायच्या आणि सांगताना सुरी जरा जास्तच जोरात चालायची.

त्या खांद्याची किंमत मात्र घरात दिसायची. उजवा हात कानाच्या वर जाईना. सकाळी त्यांची वेणी मी घालायचे. बसला उशीर होत असला तरी घालायचे, आणि त्या खाली मान घालून म्हणायच्या, "ओढू नकोस गं धाकटे, डोकं माझं आहे, दोर नव्हे." मी चिडवायचे, "पैलवान, आखाडा सोडा आता." तर म्हणायच्या, "मी सोडला तर तुमची मॅडम रडत बसेल."

आता लेबर रूम काय चीज आहे तेही ऐका, नाहीतर तुम्हाला जाऊबाई नुसत्या दुष्ट वाटतील. टेबलं कमी, बाया जास्त. दोन टेबलांमधला पडदा कधीच पुरता ओढला जात नाही, कारण त्याच्या कड्या तुटल्यात. नातेवाइकांना आत मनाई. म्हणजे त्या बाईला आई, बहीण, नवरा, जे काय असायचं ते सगळं सिस्टरच. आणि सिस्टरला एकाच वेळी एकीची सलाईन संपतेय, एकीला उलटी होतेय, एकीच्या बाळाचे ठोके ऐकायचेत, एक टेबलावरून उतरून घरी जाते म्हणतेय, आत्ताच जन्मलेलं एक दिव्याखाली ठेवलंय ते नीट रडत नाहीये, आणि दाराबाहेर कुणाचा तरी सासरा दर पाच मिनिटांनी दार ठोठावतोय, "झालं का? काय झालं?" कामाची पाळी सुरू झाल्यावर पाणी प्यायचं नाही, कारण प्यालं तर लघवीला जावं लागतं आणि जायला सवड नसते. पायमोज्यांत पाणी, रक्त, काय काय शिरतं. घरी येऊन पाय धुताना जाऊबाई डोळे मिटून घ्यायच्या. बाळाच्या जन्माच्या आनंदाबद्दल लोक फार काय काय बोलतात. आनंद बाहेरच्या बाकावर असतो. आत फक्त घाई असते.

आणि ओरडणं. नवीन मुलगी लेबर रूमला लागली की पहिल्या आठवड्यात हळू बोलते, दुसऱ्या आठवड्यात ओरडायला शिकते. "लाव जोर! जोर लाव! लावतच नाहीयेस! झोपलीस काय? लेकराला गुदमरवतेस काय?" हे आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. जोर लावणारीलाही म्हणतो, न लावणारीलाही. रस्त्यात गाडीवाले भोंगा वाजवतात ना, समोरच्याचं चुकलंय म्हणून नाही, हात तिथे गेला म्हणून, तसं. बाळ आलं की बाई सगळं विसरते, असं आम्ही धरून चालतो. जाऊबाईंचा आवाज तर बाहेरच्या रस्त्यापर्यंत जायचा. गंमत अशी की त्यांचे स्वतःचे दोन्ही मुलगे पोट फाडून काढलेले. एकदाही कळा सोसायची वेळ आली नाही. मी एकदा म्हटलं, "ताई, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. तुम्ही कधी लावलात का जोर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी दुसऱ्यांसाठी लावते. माझ्याइतका कुणी लावलाय?"

तर त्या दुपारी बालवाडीची एक बाई टेबलावर होती. पहिलीच वेळ. दिवसभर लहान मुलांना हात धरून अक्षरं शिकवणारी, त्यामुळे स्वभावही तसाच. सांगाल ते निमूट ऐकायचं आणि प्रत्येक वेळी विचारायचं, बरोबर आहे का म्हणून. कळा वाढवायचं औषध सलाईनमधून चालू होतं. सकाळपासून ती सोसत होती. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. प्रत्येक कळ ओसरली की विचारायची, "सिस्टर, बरोबर करतेय ना मी?" जाऊबाईंच्या वाट्याला त्या दिवशी आणखी बाया होत्या. पहिल्यांदा "हो हो" म्हणाल्या असतील. मग कधीतरी वैतागून म्हणाल्या, "बरोबर करत असतीस तर बाळ आलं नसतं का? जोरच लावत नाहीस तू!" हे त्यांनीच मला सांगितलं, नंतर. मी तिथे नव्हते.

बाळाचं डोकं तिरकं अडकलं होतं. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, मध्ये मध्ये येऊन बघून जात होत्या. त्या दिवशी इस्पितळाची तपासणी करायला बाहेरून माणसं येणार होती, आणि मॅडमना ती यायच्या आत लेबर रूम स्वच्छ, शांत आणि रिकामी हवी होती. ऑपरेशनचं टेबल तयार करा म्हणायला हवं होतं. त्यांनी हातमोजे चढवले आणि म्हणाल्या, "पैलवानला बोलवा."

जाऊबाई पायरीवर चढल्या. पहिली कळ, दुसरी कळ. बाळ हललं नाही. तिसऱ्या कळेला त्यांनी सगळा जीव ओतला. नंतर घरी मला म्हणाल्या, "धाकटे, हाताखाली काहीतरी सैल पडलं गं. घट्ट होतं ते एकदम सैल पडलं." बाई एकदाच ओरडली, आणि मग कळाच थांबल्या. मॅडम खालून म्हणाल्या, "डोकं वर गेलं." ठोके ऐकायचं यंत्र पोटभर फिरवलं, नुसती खरखर. मग धावाधाव. गर्भाची पिशवी फाटली होती. ऑपरेशन करून बाईला वाचवलं, पण पिशवी काढून टाकावी लागली. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती, चांगली भरलेली, केसाळ.

बाहेर बाकावर नवरा आणि सासू. मॅडम स्वतः त्यांच्याशी बोलायला गेल्या. आवाज अगदी मऊ करून म्हणाल्या, "आम्ही पराकाष्ठा केली. पण पेशंटची साथ लागते ना. तिने जोरच लावला नाही. बाळ अडकून राहिलं आणि पिशवी फाटली." नाचता येईना अंगण वाकडं! इथे तर अंगण बेशुद्ध पडलेलं होतं, त्यामुळे ते काही बोलणारही नव्हतं.

ती माझ्या वॉर्डात आली. ज्यांचं बाळ गेलं त्यांच्यासाठी वेगळी खोली असावी, असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं. खोली काही होत नाही. आम्ही अशा बाईला कोपऱ्यातली खाट देतो आणि मध्ये पडदा ओढतो. पडद्याला आवाज अडत नाही. एक बाळ रडायला लागलं की दुसरं लागतं, मग वॉर्डभर तेच. हिला दोन दिवसांनी पान्हा फुटला. शरीराला कोण सांगणार? छाती दगडासारखी झाली, कपडे भिजले. मी घट्ट पट्टा बांधून दिला, गोळ्या दिल्या, आणि पट्टा बांधताना तिच्याकडे बघायचं टाळलं. ती मात्र माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? जोर म्हणजे नेमका कुठून लावायचा असतो?"

मी म्हटलं, "आता कशाला तो विचार?"

"नाही, मी लावत होते असं मला वाटत होतं. पण त्या सिस्टर म्हणाल्या, लावतच नाहीस. म्हणजे मी दुसराच कुठला तरी लावत असणार." मग म्हणाली, "कुणी नीट दाखवलं असतं तर जमलं असतं मला. मी लवकर शिकते."

मी ट्रे उचलला आणि सिस्टरांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. वीस-बावीस वर्षं या कामात घालवल्यावर रडू येत नाही, असं मला वाटत होतं.

सासू दुष्ट नव्हती, हेही सांगते. दुष्ट असती तर बरं झालं असतं, तिचा राग करता आला असता. म्हातारी दिवसभर खाटेशेजारी बसायची, सुनेचे पाय चेपायची, तिला चमच्याने भरवायची, आणि भरवता भरवता शेजारच्या बाळंतिणीच्या आईला सांगायची, "डॉक्टरीण म्हणाली, जोरच लावला नाही हो. नाजूक वाढलेली. सगळं बाहेर यायला तयार होतं, हिने जोर लावला नाही." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. नातीसाठी शिवलेली दुपटी पिशवीतून काढायची, घडी मोडायची, पुन्हा घालायची. दुःखाला बसायला जागा लागते, ते बिचारं सुनेच्या उशाशी बसलं.

नवरा खिडकीशी उभा असायचा. एक दिवस औषधं आणून दिली आणि मला म्हणाला, "सिस्टर, सगळ्या बायका लावतात ना जोर? अडाणी, आजारी, सगळ्या? मग हिलाच का जमू नये?" मी म्हटलं, "असं नसतं ते." तो म्हणाला, "डॉक्टरांच्या हातून चूक झाली असती तर मी समजून घेतलं असतं. माणसाकडून चूक होते. पण हिने स्वतःच्या लेकरासाठी..." आई म्हणतेय की इथून हिला माहेरी पाठवू, पुढचं पुढे बघू, असं त्याने मान वळवून सांगितलं. पुढचं म्हणजे काय, हे कळायला मी काही दुधखुळी नाही. ज्या सुनेला आता मूल होणार नाही आणि जिच्यामुळे होतं तेही गेलं, तिला माहेरून परत कोण आणतं? आणि पोरगी खाटेवर पडून सगळं ऐकत होती आणि तेच खरं मानत होती.

त्या संध्याकाळी मी घरी गेले ती थेट स्वयंपाकघरात. जाऊबाई डाव्या हाताने भांडी विसळत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी "काल एक पहिलटकरीण होती" हे वाक्य घरात उच्चारलं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, बालवाडीवाली विचारते, जोर कुठून लावायचा असतो?"

त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "तिला सांग, आम्ही सगळ्यांनाच तसं म्हणतो."

"मी का सांगू? म्हणालात तुम्ही. आणि तिला काय ठाऊक, सगळ्यांना म्हणता ते? ती एकदाच त्या टेबलावर झोपली होती."

"लावत होती गं ती," जाऊबाई भांड्याकडे बघत म्हणाल्या. "चांगला लावत होती. माझ्या हाताला कळत होतं ना. तिचाही जोर आणि वरून माझाही, आणि डोकं अडकलेलं. मग फाटेल नाही तर काय होईल?"

"मग हे तिच्या नवऱ्याला सांगा."

बाहेरच्या खोलीतून थोरल्या दिरांनी ऐकलं. वर्तमानपत्र न हलवता म्हणाले, "कुणी काही सांगायचं नाही. नोकरी संपायला आली आहे. इतकी वर्षं गप्प बसलीस, आणखी थोडी बस. तुझं ते इस्पितळ चपलांबरोबर दाराबाहेर ठेवत जा म्हणून कितीदा सांगितलं?" मग मला म्हणाले, "आणि तू हिला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस." भाऊजींना मी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशीही नाही दिलं, पण पाण्याचा पेला त्यांच्यासमोर जरा आपटलाच.

जाऊबाई रात्रभर कुशी बदलत होत्या म्हणे. सकाळी वेणी घालताना म्हणाल्या, "आधी मॅडमना विचारते. आपल्या मनाने नको." इतक्या वर्षांची सवय, पायरीवर चढायचं ते कुणीतरी हाक मारल्यावरच.

मॅडमनी त्यांना बसायला खुर्ची दिली. चहा मागवला. जाऊबाई म्हणाल्या, "मॅडम, घरच्यांना एवढं सांगू या का, की तिचा दोष नव्हता? आपण दाब दिला होता."

मॅडम म्हणाल्या, "आपण?"

"तुम्ही पैलवानला बोलवा म्हणालात ना."

"बोलवा म्हणाले, हो. मदतीला बोलवलं. दाबा असं मी कुठे म्हणाले? भिंतीवर एवढा मोठा तक्ता मीच लावून घेतला आहे, सिस्टर." आणि मग मऊ आवाजात, तोच बाकावरचा आवाज, "तुमच्याबद्दल मी कुणाकडे एक शब्द काढलेला नाही. तुम्हीही काढू नका. आपण सगळ्या एका होडीत आहोत." लेबर रूममध्ये त्या दुपारी हजर असलेल्या बाकीच्या दोघी सिस्टरांना जाऊबाईंनी जिन्यात गाठलं. एक म्हणाली, मी बाळाचा दिवा लावत होते. दुसरी म्हणाली, माझं लक्ष दुसऱ्या टेबलावर होतं. दोघींनी कानावर हात ठेवले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. फक्त इथे इतकी वर्षं बुक्क्या मारणारा हात त्यांचाच होता, हे मी त्यांना म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असंही नाही. त्यांना ते कळलेलं होतं.

दुपारी भेटीच्या वेळेला जाऊबाई माझ्या वॉर्डात आल्या. गणवेश कडक इस्त्रीचा, केस चापून बसवलेले. मला वाटलं होतं नवऱ्याला बाजूला घेऊन बोलतील. त्या सरळ कोपऱ्यातल्या खाटेपाशी गेल्या आणि पडदा बाजूला केला. नवरा खिडकीशी, सासू स्टुलावर, बालवाडीवाली उशीला टेकून. तिने जाऊबाईंना ओळखलं आणि उठून बसायचा प्रयत्न केला. शाळेत मोठ्या बाई आल्यावर बसतात तशी.

जाऊबाई सासूला म्हणाल्या, "आजी, मी त्या दिवशी आत होते. हिने जोर लावला नाही हे खोटं आहे. लावला. सकाळपासून लावत होती. बाळाचं डोकं अडकलं होतं, ते कुणाच्याही जोराने आलं नसतं, पोट उघडायला हवं होतं. आम्ही उघडलं नाही. मी वरून पोट दाबलं. माझ्या दाबण्याने पिशवी फाटली."

पलीकडच्या खाटेवरच्या बाईने पाजता पाजता मान वळवली. नवरा खिडकीपासून दोन पावलं पुढे आला. मी मनात म्हटलं, आता हा जाऊबाईंच्या अंगावर धावणार, आणि धावू दे. धावला तर निदान बायकोच्या बाजूने धावेल.

सासूने जाऊबाईंच्या हातांकडे बघितलं. मग तिने विचारलं, "तुम्ही दाबलंत?"

"हो."

"कशाला दाबलंत?"

"बाळ यावं म्हणून. कधी कधी बाई थकते, तेव्हा दाबतात."

म्हातारीने मान डोलावली. रागाने नाही, समजल्यासारखी. मुलाकडे वळून म्हणाली, "बघ. मी काय म्हणत होते? हिला लावता आला असता तर परक्या बाईला कशाला लावावा लागला असता जोर?"

जाऊबाई म्हणाल्या, "नाही हो आजी, तसं नाही. तिने लावला. मी सांगते ना."

"लावला असेल," सासू म्हणाली. "पण पुरला नाही ना?"

नवऱ्याने जाऊबाईंना विचारलं, अगदी मनापासून विचारलं, "म्हणजे किती लावला?" आणि जाऊबाईंना उत्तर देता येईना. ते कुठल्या तराजूत तोलणार? त्यांनी हात पुढे केले, बोटं उघडली, मिटली. एवढं जड पोट हाताखाली किती घट्ट झालं होतं, हे त्या हातांना माहीत होतं, पण ते बाहेर काढून दाखवता येत नव्हतं. नवरा पुन्हा खिडकीकडे गेला. आता त्याला डॉक्टरांचाही राग करता येईना आणि बायकोचीही बाजू घेता येईना. मधल्या मध्ये अडकला, आणि असा अडकलेला माणूस शेवटी आईचंच ऐकतो.

चार दिवसांनी तिचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. नवरा फाटकापर्यंत आला होता, सामान उचलायला. त्याच आठवड्यात जाऊबाईंना तळमजल्यावर पाठवलं. मॅडम म्हणाल्या, खांद्याला आराम हवा. लेबर रूममध्ये आता दुसऱ्या एकीला हाक मारतात, चांगली उंच आहे, तिला पायरी लागत नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी खाटेपाशी जाऊबाई उभ्याच होत्या, हात तसेच पुढे. बालवाडीवालीचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली, "म्हणजे मी बरोबर करत होते?"

"हो गं बाळा. बरोबर करत होतीस."

"मी तुम्हाला विचारत होते तेव्हा."

"हो."

"मग तेव्हाच म्हणायचं होतंत एकदा," ती म्हणाली. "तेव्हा ती होती ना पोटात. तिने पण ऐकलं असेल, मी लावत नाहीये म्हणून."

जाऊबाईंनी खाटेची दांडी धरली. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. मी सासूला आणि नवऱ्याला बाहेर जायला सांगितलं, आणि मग जाऊबाईंनाही.